मी तिचं माहेर नाही

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या सर्व तालमींचे आणि तरुण मंडळांचे अध्यक्ष व पदाधिकारी यांस,



गेल्या महिन्यात मिरजकर तिकटीला तुमच्यापैकी एकांची आणि माझी गाठ पडली. मी एका बाईसोबत रिक्षाची वाट बघत उभी होते. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत आणि सवयीनं विचारलंत, "काय मॅडम, कुनीकडं? आणि ह्या कोण म्हणायच्या?" मी म्हटलं, "कामानिमित्त निघालेय." तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. "पाव्हण्या हायत व्हय?" मी काहीच बोलले नाही. रिक्षा आली, आम्ही बसलो. मागं वळून बघितलं तर तुम्ही एक पाय खाली टेकून तसेच थांबला होता आणि तुमचा चेहरा पडला होता.

माझे सासरे गेले तेव्हा तिरडी बांधण्यापासून पंचगंगेच्या काठापर्यंत ज्यांनी सगळं निस्तरलं, त्यांत तुम्ही होता. अशा माणसाला मी भर रस्त्यात एका साध्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असणार, बाई शिकली, नोकरीला लागली, आता माणसं विसरली. तो चेहरा माझ्या मनातून जात नाही. तुम्हाला एकट्याला घरी बोलावून समजावलं असतं, पण हाच प्रश्न गेल्या बावीस वर्षांत मला पेठेतल्या बऱ्याच तालमींच्या दारात कुणी ना कुणी विचारलेला आहे. म्हणून सगळ्यांना लिहितेय आणि उघड लिहितेय.

त्या बाई कोण होत्या हे याही पत्रात सांगणार नाही. का सांगणार नाही, ते सांगते.

या पेठेत परकं कुणी नसतं. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा आठ दिवसांत गल्लीतल्या पंधरा घरांत माझं माहेरचं आडनाव, माझ्या मामांची आणि सासऱ्यांची जुनी ओळख आणि मला चहात साखर किती लागते, हे सगळं पोचलेलं होतं. विसर्जनाला खासबागेजवळ तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती निघतो तेव्हा कुणाची लेक कुठून आली आहे हे गर्दीतही माणसं ओळखतात. पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की अर्धी गल्ली शाहू स्टेडियमवर असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तालमीची पोरं पाण्यात उतरली, कुणी सांगायची वाट बघितली नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखी रडणारी माणसं मी रस्त्यावर पाहिली. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचा आखाडा उभा केला. त्याच्या आसपास वाढलेल्या या पेठेनं एकमेकांसाठी अंगावर घ्यायचं कसं, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं आहे. याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही.

पण तुमच्या मदतीची सुरुवात ओळखीनं होते. कुणाचा कोण, कुठल्या गल्लीतला, कुणाच्या तालमीतला, हे कळलं की तुमचे हात चालू लागतात. मी समाजकार्यकर्ती; माझ्या कामात ओळख कमी करत न्यावी लागते. समोरची बाई माझ्या टेबलापाशी बसली की ती कुणाची सून आहे हे मला शक्य तितकं विसरावं लागतं, आणि मी कुणाची सून आहे हे तिला विसरता यावं अशी सोय करावी लागते. आमच्या पुस्तकांत अशा माणसाला 'सेवार्थी' म्हणतात, सरकारी कागदावर 'लाभार्थी' लिहितात आणि आम्ही आपापसात 'केस' म्हणतो. तिन्ही शब्द मला नीट वाटत नाहीत. तरी त्यांच्यामागची गोष्ट खरी आहे. ती बाई माझी मैत्रीण नाही, बहीण नाही, शेजारीण असली तरी त्या तासापुरती शेजारीण नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. एका बाईच्या हाडांची किंमत मोजून शिकले. ती गोष्ट सांगते. तिला विचारून सांगते, आणि ती ओळखू येईल असं सगळं बदलून सांगते.

कामाला लागून मला दुसरं की तिसरं वर्ष होतं. ती पहिल्यांदा आली तेव्हा तिनं पदर डाव्या कानावरून घट्ट ओढून घेतला होता. कानातलं ओरबाडून काढलं होतं आणि पाळी फाटली होती. नवरा पिऊन मारायचा. ती एका पोळी-भाकरी केंद्रात कामाला होती, रोज शंभर-सव्वाशे भाकऱ्या थापायची. बोलताना ती बोटांच्या पेरांत वाळलेलं पीठ नखानं काढत राहायची, आणि ते माझ्या टेबलावर सांडू नये म्हणून डाव्या मुठीत धरून ठेवायची. तासभर बोलली तरी ती मूठ उघडली नाही.

मला तिची माया वाटली. माया वाटली त्यात काही वावगं नव्हतं. चूक पुढं होत गेली, आणि प्रत्येक चूक चांगुलपणासारखी दिसत होती. मी तिला घरचा फोन नंबर दिला. एका रात्री तिला आणि तिच्या मुलीला घरी झोपायला ठेवून घेतलं. मुलीच्या शाळेचे हजार रुपये माझ्या पगारातून भरले आणि "परत द्यायची घाई नाही" म्हटलं. मग दर गुरुवारी तिचा डबा यायला लागला. भाकरी, खर्डा, कधी पावट्याची उसळ. राखी पौर्णिमेला तिनं माझ्या नवऱ्याला राखी बांधली. संक्रांतीला मी तिला वाण दिलं, तिची ओटी भरली. एक दिवस ती माझ्या सासूबाईंना म्हणाली, "आई, मला माहेर न्हाई. ह्येच माझं माहेर." त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. हातून काहीतरी चांगलं घडलं, असं वाटलं होतं.

त्यानंतर सात-आठ महिने ती येत राहिली आणि "बरं चाललंय ताई" म्हणत राहिली. नवरा सुधारला, पगार हातात आणून देतो, पोरीला बागेत नेतो. मी तिच्या फाईलवर तसंच लिहीत गेले. मग एका सकाळी तिची मुलगी एकटीच आमच्या दारात आली. शाळेचा गणवेश घातलेला, दोन्ही वेण्यांना रिबिनी बांधलेल्या. म्हणाली, "आईला दवाखान्यात ठेवलंय." हात दोन ठिकाणी मोडला होता. त्या सात-आठ महिन्यांत मार कधी थांबलाच नव्हता.

खाटेशी बसून मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "ताई, माहेराला कुनी असलं सांगतंय व्हय? तुमी एवढं केलं. तुमच्या जिवाला घोर कशाला लावायचा?"

तुमच्या सगळ्यांच्या घरी सासरी गेलेल्या लेकी-बहिणी आहेत. दिवाळीला त्या येतात. त्यांना "कशी आहेस?" म्हणून विचारलं की त्या काय म्हणतात, आठवून बघा. माहेरच्या उंबऱ्यावर लेक सुखातच असते. तिथं खरं बोललं तर बापाची मान खाली जाईल, आईच्या घशाखाली घास उतरणार नाही, भाऊ डोक्यात राख घालून घेईल, हे तिला ठाऊक असतं. म्हणून ती सगळं गिळते आणि पुरणपोळी लाटायला बसते. मी त्या बाईचं माहेर झाले आणि त्या दिवसापासून तिची सांगायची एकुलती एक जागा बंद झाली. तिला माझ्यासमोर बसून नवऱ्याबद्दल बोलता यायला हवं होतं. त्याच्याकडे परत जावंसं वाटतं, हेही बोलता यायला हवं होतं. माझा सल्ला पटला नाही तर तसं तोंडावर म्हणता यायला हवं होतं. त्याऐवजी ती माझं मन सांभाळत बसली. हजार रुपयांचं ओझं, सासूबाईंच्या हातच्या जेवणाचं ओझं, मी भरलेल्या ओटीचं ओझं. आधीच वाकलेल्या पाठीवर ते सगळं मी ठेवलं.

त्यानंतर तिची केस मी सहकारी बाईंकडे दिली. माझ्या आयुष्यातलं ते फार जड काम होतं. तिला वाटलं मी तिला टाकलं. तिनं मला तसं बोलूनही दाखवलं, आणि मी ते ऐकून घेतलं. सहकारी बाईंनी तिला घरी नेलं नाही, राखी बांधून घेतली नाही, डबा घेतला नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या खुर्चीत बसवून ऐकलं. तिसऱ्या भेटीत ती त्यांना सगळं बोलली. मला इतके महिने जे सांगितलं नव्हतं ते सगळं. पुढं ती वेगळी झाली, खोली घेतली, मुलगी शिकली.

आज आम्ही महाद्वार रोडला कधी समोरासमोर येतो. तिला वाटलं तर ती थांबते, नाही वाटलं तर सरळ निघून जाते. मी आपण होऊन हाक मारत नाही. ओळख दाखवायची की नाही, हे तिनं ठरवायचं. तुमच्या घरच्या हळदीकुंकवाला एखादी बाई समोर आली आणि मी तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं, असं कदाचित तुमच्या मंडळींच्या लक्षात आलं असेल. ती बाई माझ्याकडे आलेली असेल किंवा नसेलही. आमच्याकडे आलेल्या आणि न आलेल्या, दोघींकडे मला सारखंच बघावं लागतं. एकीला ओळख दाखवली आणि दुसरीला नाही, तर बघणाऱ्याला उत्तर मिळतं. पेठेत ते उत्तर संध्याकाळपर्यंत कोळेकर तिकटीला पोचतं.

आता नवरा-बायकोचं भांडण मिटवायला तालमीत बसतात त्या बैठकींबद्दल बोलते. कुठल्या तालमीचं नाव घेणार नाही.

काही वर्षांपूर्वी मला अशा एका बैठकीला बोलावलं होतं, "पेठेतल्याच मॅडम हायत, त्या सांगतील समजावून" म्हणून. आत मारुतीची मूर्ती, भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो, कपाटात ढाली आणि चषक. सात पुरुष सतरंजीवर बसलेले, नवरा त्यांच्यात. तो लहानपणापासून त्याच तालमीतला. एकाचा हात त्याच्या खांद्यावर होता. बाईला मान म्हणून खुर्ची दिली होती, दाराजवळ. ती सगळ्यांपेक्षा उंच बसली होती आणि तिला मान वर करता येत नव्हती. तिच्या वाट्याला बोलायला चार वाक्यं आली. मग माझ्याकडे वळून तुमच्यातले एक जण म्हणाले, "मॅडम, सांगा हिला. एकदा चुकलाय, पोटात घाल म्हणावं."

मी म्हटलं, इथं मी काही सांगू शकत नाही, आणि उठून आले. त्या वर्षी गणपतीची वर्गणी मागायला आमच्या दारात कुणी आलं नाही. शेजारच्या घरी पावती फाडल्याचा आवाज ऐकू आला आणि पावलं आमच्या घरावरून पुढं गेली. माझ्या सासूबाई दारातच उभ्या होत्या, हातात पाकीट घेऊन. त्याचं दुःख मला आजही आहे.

मी का उठले ते तेव्हा सांगायला जमलं नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, त्याचे नियम २००६ चे. त्यातला तेरावा नियम सांगतो की त्या वादात ज्याचा काही संबंध किंवा हितसंबंध आहे, जो कुठल्याही बाजूचा नातेवाईक आहे, त्याला समुपदेशक होता येत नाही. दोन्ही बाजूंनी हरकत नसल्याचं लेखी दिलं तर गोष्ट वेगळी. पुढचा नियम आणखी महत्त्वाचा. समुपदेशनाच्या वेळी नवऱ्यानं आपल्या मारहाणीचं समर्थन करायचं नाही, आणि हे त्याला आधीच सांगायचं. "ती उलट बोलली म्हणून हात उठला" हे वाक्य त्या खोलीत चालत नाही. तुमच्या बैठकीत बोलणं बहुतेक त्याच वाक्यानं सुरू होतं. खांद्यावर हात ठेवणारा मित्र वाईट माणूस नाही. पण ज्याच्या खांद्यावर त्याचा हात आहे, त्याच्या बायकोचं म्हणणं त्याला ऐकू कसं येणार? मला तरी कसं येईल? त्या जोडप्याच्या घरातली म्हातारी माझ्या सासूबाईंबरोबर अंबाबाईला जाते.

आपण शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय कार्यक्रम सुरू करत नाही. त्यांनी १९१९ साली आपल्या संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. घरातल्या हिंसेविरुद्ध असा स्वतंत्र कायदा करायला देशाला २००५ साल उजाडलं. १९२० साली त्यांनी जोगतिणी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. महाराजांना भाऊबंदकी, पंच, जातीतले वडीलधारे हे सगळं उत्तम ठाऊक होतं. माणसं समजूतदार आहेत, आपसात मिटवतील, असं म्हणून त्यांना ते सोडून देता आलं असतं. त्यांनी कायदा लिहून ठेवला आणि सरकारच्या हातात दिला. माझ्या समजुतीप्रमाणे, घरातल्या बाईचा न्याय घरच्यांच्या आणि गल्लीतल्यांच्या मर्जीवर ठेवू नये, एवढं त्यांना दिसलं होतं.

आणखी एक प्रसंग. माझी काही वर्षं एका सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या समुपदेशनात गेली. एका रात्री तुमच्यापैकी एक जण, आता ते हयात नाहीत, माझ्या नवऱ्याला सोबत घेऊन घरी आले. पुतणीचं लग्न ठरत होतं. मुलगा याच पेठेतला. कुणीतरी त्याला दवाखान्याच्या त्या खोलीबाहेर बाकावर पाहिलं होतं. त्यांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "पोरगी बापाइना वाढलीया. तुमी निस्तं मान हालवा. व्हय का न्हाय, एवढंच."

माझ्यावर इतकी वाईट वेळ पुन्हा कधी आली नाही. समोर बसलेल्या माणसाची काळजी शंभर टक्के खरी होती. मी मान हलवली नाही, उभीही नाही, आडवीही नाही. म्हटलं, "काका, कुणाबद्दलही विचारलंत तरी माझं उत्तर हेच राहील. लग्नाआधी दोघांचीही तपासणी करून घ्या, मुलीचीही आणि मुलाचीही. दोघांनी मिळून जावं. यात कुणाचा अपमान नाही." ते उठून गेले. मरेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मी "नाही" म्हटलं असतं तरी चुकलं असतं, हे तेव्हा त्यांना पटवता आलं नाही. एकाबद्दल "नाही" म्हणाले की पुढच्या माणसाबद्दल गप्प बसणं म्हणजेच "हो" होतं. आणि पेठेत हे कळलं की मॅडम मान हलवतात, तर दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर कुणी बसलं नसतं. तपासणी नाही, औषध नाही. मग खरं संकट घराघरांत शिरलं असतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा पुढं आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात त्या माणसाच्या संमतीशिवाय माहिती द्यायला बंदी आहे. जोडीदाराला खरंच मोठा धोका असेल तर डॉक्टरला किंवा समुपदेशकाला सांगता येतं, पण त्यालाही पायऱ्या आहेत: आधी त्या माणसालाच समजावायचं, तू सांग म्हणायचं, तो सांगत नाही अशी खात्री पटली तर आपण सांगणार आहोत हे त्याला कळवायचं. काकाला सांगायची पायरी त्यात कुठेच नाही.

तुमच्या जागतिक महिला दिनाच्या कार्यक्रमाचंही बोलून घेते. दोनदा मला निरोप आला, "तुमच्याकडच्या दोन-तीन पीडित महिला घेऊन या, शिलाई मशीन देऊन सत्कार करू." मशीन हवंच आहे. पण मांडवात, फलकाखाली, हार घालून दिलेलं मशीन त्या बाईला नवऱ्याच्या गल्लीत "मार खाल्लेली" म्हणून कायमची उभी करतं. आणि मी तिला म्हटलं की चल, तर ती नाही म्हणू शकेल का? माझ्या हातात तिचा अर्ज आहे, तिची फाईल आहे. माझ्या विनंतीलाही तिच्या लेखी हुकमाचं वजन असतं. म्हणूनच मी तिला माझ्या घरचं काम सांगत नाही, तिच्याकडून साडीला फॉल-पिको स्वस्तात करून घेत नाही, मतदानाच्या वेळी कुणाचं नाव तिच्याजवळ काढत नाही.

मुलांच्या बाबतीत तर हात जोडून सांगते. आपल्याच पेठेत बालकल्याण संकुल आहे. जुनी माणसं अजून रिमांड होम म्हणतात. कुठल्याही बालगृहातल्या मुलांसोबत केक कापून स्टेटसला फोटो लावायची हौस असेल तर ती सोडा. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, चित्र कुठल्याही माध्यमात द्यायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवा. ते पोरगं पंचविशीचं होईल, लग्नाला उभं राहील, आणि तुमच्या वाढदिवसाचा तो फोटो कुणीतरी उकरून काढेल.

हे सगळं तुम्हाला सांगते आहे, म्हणजे आमच्या धंद्यात सगळे नियमानं वागतात असं नाही. डॉक्टरला, वकिलाला परिषद असते. चुकला तर सनद जाते. सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी अशी परिषद आपल्याकडे नाही. दवाखान्यांतल्या आणि मानसोपचारातल्या समाजकार्यकर्त्यांना २०२१ च्या कायद्यानं आरोग्य व्यवसायांच्या यादीत घेतलं, एवढीच सुरुवात आहे. मुंबईच्या टाटा संस्थेतल्या समाजकार्य शिक्षकांच्या मंचानं १९९७ साली नीतीचा जाहीरनामा लिहिला. तो किती जणांच्या टेबलावर असतो, हा आमचा आम्हाला विचारायचा प्रश्न. मुलींना गावोगाव एकट्या गृहभेटीला पाठवतात, स्वतःच्या मोबाईलवरून फोन करायला लावतात, आणि रात्री अकराला फोन घेतला तरच "तळमळीची कार्यकर्ती" म्हणतात. माझ्याकडे कामाला आलेल्या नव्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, संध्याकाळनंतर फोन घेऊ नका, पण कुणाला लावायचा तो नंबर बाईच्या हातात द्या: ११२, १८१, मुलांसाठी १०९८. जी बाई एकट्या माझ्या भरवशावर तगून आहे, ती मी तापानं पडले त्या रात्री उघडी पडते.

तुम्ही काय करायचं, असं विचाराल. तुमच्याकडे रात्री कुणी धावत आली तर बैठक बोलावू नका. घरातल्या एखाद्या बाईला सोबत घ्या, तिला जुना राजवाडा पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात पोचवा, आणि तिनं सांगितल्याशिवाय तिच्या माहेरी फोन करू नका. नवरा तालमीतला असेल तर त्याला सांभाळा, दारूपासून लांब ठेवा, त्याच्याशी काय बोलायचं ते बोला. ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं जमतं. फक्त तिच्या वतीनं माफ करू नका. आणि मला विचारू नका.

तुमच्यातल्याच एकाचं सांगून थांबते. टेम्पो चालवतो, वय तिशीच्या आत. दोन वर्षांपूर्वी एका बाईचं सामान दुपारच्या दोन तासांत हलवायचं होतं, घरात कुणी नसताना, पोलीस सोबत असताना. मी त्याला फोन केला आणि म्हटलं, सामान आहे, कुणाचं ते विचारू नकोस. तो म्हणाला, "कुठं यायचं तेवढं सांगा." त्यानं शिलाई मशीन एकट्यानं उचललं, गोदरेजचं कपाट दोघांनी मिळून. मुलाची सायकल शेवटी राहिली होती, ती त्यानं वर दोरीनं बांधली, आणि चाक निखळू नये म्हणून पुन्हा उतरून गाठ तपासली. तिनं पैसे पुढं केले तेव्हा त्यानं ठरल्या भाड्याएवढेच घेतले. फुकट करतो म्हणाला नाही. पैसे दिल्यावर तिचा चेहरा कसा सैल झाला, ते मी पाहिलं.

गेल्या महिन्यात मिरजकर तिकटीला मी आणि त्या बाई उभ्या होतो. हो, त्याच दिवशी, तुम्ही गाडी थांबवायच्या थोडं आधी. तो टेम्पो घेऊन समोरून आला. मला बघून त्यानं मान लववली, त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि गिअर टाकून बेलबागेकडे निघून गेला.

आपली,
पेठेतली एक समाजकार्यकर्ती
मंगळवार पेठ, कोल्हापूर